पडदा फाटला म्हणजे कान गेला?

"कानाखाली मारू नका, पडदा फाटला तर पोर जन्माचं बहिरं होईल," हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो. मारू नयेच. पण त्यामागचा समज चुकीचा आहे. पडदा ऐकत नाही, तो फक्त थरथरतो. त्याला लहान भोक पडलं तर ऐकू थोडं कमी येतं आणि बहुतेकदा ते काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. नाही भरलं तर शस्त्रक्रिया आहे.

खरं ऐकणं आणखी आत होतं. पडद्याची थरथर तीन इवल्या हाडांमधून कॉक्लियात पोहोचते. ही गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी. सरळ केली तर जेमतेम 35 मिलिमीटर! आत सुमारे 15,000 केसपेशी आहेत. प्रत्येकीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका, आणि आखूड केसाचं टोक शेजारच्या उंच केसाला बारीक धाग्याने बांधलेलं. लाट आली की झुबका कलतो, धागा ताणला जातो, केसातली दारं उघडतात आणि पोटॅशियम आत शिरतं. मग पेशी बुडाकडून ग्लुटामेट हे निरोप पोहोचवणारं रसायन सोडते आणि श्रवणचेता मेंदूकडे संदेश धाडते. उंच पट्टीतले बारीक आवाज नळीच्या तोंडाशी टिपले जातात, ढोलासारखे खर्जातले थेट टोकाशी.

मोठ्या आवाजापासून जपायच्या त्या या पेशी. पडदा सांधतो, माणसाच्या मेलेल्या केसपेशी परत उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात, आपल्या नाहीत. म्हणून डीजेच्या भिंतीसमोर उभ्या लेकराचा पडदा शाबूत असला, तरी कान सुखरूप आहे असं समजू नका.