डालड्याचा डबा आणि धमनीतला थर

नागपुरात हार्ट अटॅकचा विषय निघाला की खापर थेट तर्रीवर फुटतं. त्यात मिरची बिचारी उगाच बदनाम होते. बघायचं ते वर तरंगणारं तेल, आणि ते कोणतं.

धमन्यांत थर साचण्याचा हा आजार नवा नाही. इजिप्तच्या ममींच्या धमन्यांतही कॅल्शियमचे थर सापडले आहेत. 'अथेरोस्क्लेरोसिस' हे नाव मात्र १९०४ सालचं, फेलिक्स मार्शां या जर्मन वैद्यानं दिलेलं. ग्रीकमध्ये 'अथेरे' म्हणजे लापशी. धमनी कापली तर थरात खरंच पिवळट, पिठल्यासारखा गर दिसतो. वर कडक पापुद्रा. तो पापुद्रा फाटला की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल चारलं. धमन्यांत थर साचले. नुसतं तेल दिलेले ससे ठणठणीत राहिले. पण ससा गवत खाणारा, उंदरांत तसं काही घडेना, म्हणून या कामाकडे बरीच वर्षं कुणी फारसं बघितलं नाही. यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे थर साचवणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, कसं उचलतं हे शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं ते १९८५ साली. तूप-लोण्यातली संपृक्त चरबी जास्त खाल्ली की हे उचलणं मंदावतं आणि एलडीएल रक्तातच राहतं.

इकडे विदर्भात घाण्याचं जवसाचं तेल होतं. हलबा कोष्टी विणकरांच्या सावजी रश्शालाही तेच. त्यात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ ही असंपृक्त चरबी, आणि म्हणूनच ते लवकर खवट होतं. १९३७ साली डालडा आला. तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेला, महिनोन्महिने टिकणारा आणि तुपापेक्षा स्वस्त. हलवायाला आणखी काय हवं? ताडाचं झाड छापलेला तो पिवळा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. पण टिकाऊपणाची ही युक्ती ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार करते. ते एलडीएल वाढवतं आणि वर 'चांगलं' कोलेस्टेरॉल एचडीएल घटवतं, हे १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये दिसलं. आपल्याकडे तेल-वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आहे. तळणीच्या तेलालाही नियम आहे, पण ठेल्यावरची काळी पडलेली कढई कोण तपासतो?

घराघरात जवस उरला तो चटणीपुरता. ती थोडीथोडीच कुटावी. कुटून ठेवली की तीही खवट होते.