शॉक, स्मृती आणि प्रश्न विचारणारा

ज्यांची सही झाल्यावरच मनोरुग्णालयाचे दार उघडणार आहे, त्याच डॉक्टरांनी ‘काय, बरं वाटतंय ना?’ असे विचारले, तर माणूस काय उत्तर देईल? वरवर पाहता हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे, पण खरे तर तो मोजमापाचा आहे. मनोविकारातील सुधारणा रक्त तपासून कळत नाही. ती बहुतेक वेळा विचारूनच जोखावी लागते. त्यामुळे कोण विचारतो, कधी विचारतो आणि कुठे बसून विचारतो, यावर उत्तर अवलंबून राहते. उपचार घेतलेल्या माणसांनी स्वतः संशोधन हाती घेतले, तेव्हा ही गोष्ट आकड्यांत दिसू लागली. शॉक उपचारांविषयी इंग्लंडमध्ये झालेला अभ्यास हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

ज्याला आपण सरसकट ‘शॉक देणे’ म्हणतो, त्या ईसीटीचा (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपीचा) माणसावरचा पहिला प्रयोग १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या इटालियन डॉक्टरांनी केला. आधुनिक पद्धतीत रुग्णाला भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन काही सेकंद मोजका विद्युतप्रवाह सोडला जातो व मेंदूत नियंत्रित आकडी आणली जाते. तीव्र नैराश्यात हा उपचार लागू पडतो, हे चाचण्यांतून दिसले आहे, आणि या लेखाचा वाद त्याच्याशी नाही. वाद आहे तो आठवणींचा. ऐंशी टक्क्यांहून अधिक रुग्ण या उपचाराने समाधानी असतात आणि स्मृतीवरचा परिणाम फारसा महत्त्वाचा नसतो, असे ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांची संस्था, रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स, आपल्या माहितीपत्रकात रुग्णांना सांगत असे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २००१ साली ‘सर्व्हिस यूजर रिसर्च एंटरप्राइझ’ हा गट सुरू झाला. मानसिक आरोग्यसेवा स्वतः घेतलेले संशोधक हा त्याचा कणा होता. गटातील समाजशास्त्रज्ञ डायना रोझ यांनी स्वतः ईसीटी घेतली होती. या गटाने २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ईसीटीविषयी रुग्णांची मते नोंदवणाऱ्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात डॉक्टरांनी केलेले २६ अभ्यास होते, तर ९ अभ्यास रुग्णांनी केलेले किंवा त्यांच्या सहभागाने झालेले होते. डॉक्टरांच्या अभ्यासांत समाधानाचे प्रमाण जास्त निघाले होते आणि रुग्णांच्या अभ्यासांत कमी. किमान एकतृतीयांश रुग्णांनी कायमच्या स्मृतिनाशाची तक्रार केली होती. माहितीपत्रकातील विधानाला आधार नाही, असे रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट लिहिले.

डॉक्टर खोटे बोलत होते, असा याचा अर्थ नाही. उपचार संपल्यावर लगेच, रुग्णालयातच, उपचार करणाऱ्याने चार-दोन प्रश्नांत उरकलेली मुलाखत आणि काही महिन्यांनी घरी, घाई न करता झालेले बोलणे यांतून निघणारी उत्तरे वेगळी असतात. त्यातही स्मृतीच्या चाचण्यांची गोम न्यारीच आहे. नेहमीच्या चाचण्यांत शब्दांची यादी वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने विचारतात. म्हणजे नवी गोष्ट लक्षात राहते का, हे त्या पाहतात, आणि ही क्षमता बहुधा काही आठवड्यांत परत येते. रुग्णांची तक्रार मात्र जुन्या, स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणींविषयी असते: एखादे लग्न, एखादा प्रवास, मुलाचे पहिले वर्ष. यादीतले शब्द बिनचूक सांगणाऱ्या बाईला आपल्या मुलाचे बारसे आठवत नसेल, तर चाचणीच्या कागदावर तिची स्मृती शाबूतच ठरते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नाराज माणसेच रुग्णांच्या सर्वेक्षणात हिरिरीने भाग घेत असतील, तर चूक उलट दिशेने होणार नाही का? होऊ शकते. पण २००२ मध्ये सिम्पसन आणि हाउस या संशोधकांनी मानसिक आरोग्यसेवांविषयीच्या अभ्यासांचा घेतलेला आढावा या संदर्भात पाहण्यासारखा आहे. मुलाखत घेणारा स्वतः सेवा घेतलेला असेल, तर लोक त्याच सेवेबद्दल कमी समाधान व्यक्त करतात, असे त्यात दिसले. भिडेखातर ‘छान आहे’ म्हणण्याची सवय आपल्याला काही नवी नाही; पाहुण्याने मीठ कमी असलेल्या आमटीचे कौतुक करावे, तसेच हे आहे.

पुढे या गटाने मोजपट्ट्याही नव्याने घडवल्या. वॉर्डातील सेवेविषयीची ‘व्हॉइस’ ही १९ प्रश्नांची प्रश्नावली तयार करताना प्रश्न कोणते असावेत, हे सेवा घेणाऱ्यांच्या गटचर्चांतून ठरले आणि त्या चर्चा चालवणारेही तसेच अनुभव घेतलेले होते. २००५ मध्ये रोझ यांनी ईसीटीच्या संमतीविषयी आढावा घेतला, तेव्हा सुमारे एकतृतीयांश रुग्णांना, संमतिपत्रावर सही करूनही, आपण मोकळेपणाने संमती दिली असे वाटत नव्हते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता शॉक देण्यास मनाई केली. आपल्याला पुढे कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही त्याने दिला. मात्र रुग्णांच्या हक्कांसाठी नेमायच्या पुनर्विलोकन मंडळाची रचना बारकाईने वाचावी. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष आणि डॉक्टर यांच्या जोडीला त्यात दोन सदस्य असे असावेत, की जे मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, ‘किंवा’ त्यांची काळजी घेणारे, ‘किंवा’ अशा क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी असतील. या ‘किंवा’मुळे आजार स्वतः अनुभवलेली एकही व्यक्ती नसतानाही मंडळ कायदेशीरपणे पूर्ण होऊ शकते.