महाल आणि वाघ एकाच रस्त्यावर कसे आले: राजस्थान–ग्वाल्हेर मार्गाची पार्श्वभूमी

दिल्लीहून निघून अलवर, सरिस्का, डीग, भरतपूर, ग्वाल्हेर, शिवपुरी, रणथंबोर, बुंदी, कोटा, चित्तोड, उदयपूर, कुंभलगड, जोधपूर, बिकानेर असे फिरून जयपूरला संपणारी सहल तीन आठवड्यांची होते. हा मार्ग नकाशावर आखून पाहिला की दर एक-दोन मुक्कामांनंतर एखादे अभयारण्य लागते आणि ते जवळच्या राजवाड्यापासून फार तर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असते. ही अंतरे प्रवास कंपन्यांनी बसवलेली नाहीत. राजाच्या घोड्यांनी आणि हत्तींनी, पुढे त्याच्या मोटारींनी ती ठरवली. आज ज्या जंगलात आपण जिप्सीतून, म्हणजे उघड्या जीपमधून, फिरतो, त्यातले बहुतेक जंगल एखाद्या संस्थानाचे राखीव शिकारीचे रान होते.

राखीव रान म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्यावे. संस्थानात शिकारखाना नावाचे वेगळे खाते असे. त्याच्या ताब्यातल्या रानात गुरे चारायला, लाकूड तोडायला आणि शिकार करायला रयतेला बंदी असे. वाघाने जनावर मारल्याची खबर शिकाऱ्यांनी दरबारात पोचवायची. खबर आपसूक मिळाली नाही तर रेडकू बांधून ठेवायचे आणि वाघाने ते मारले की दुसऱ्या दिवशी हाका घालायचा. आसपासच्या गावांतून शेकडो माणसे, बहुतेक वेळा वेठबिगारीने, हाकाऱ्याच्या कामाला आणली जात. ढोल-ताशे वाजवत अर्धवर्तुळात पुढे सरकणारी ही रांग वाघाला मचाणाकडे रेटत असे आणि वाघ बाजूने निसटू नये म्हणून झाडांवर माणसे बसवलेली असत. मेवाडात लाकडी मचाणाऐवजी दगडी बुरुजासारखी पक्की ठाणी बांधली गेली. त्यांना ओदी म्हणतात. नाला अरुंद होतो किंवा पाणवठा जवळ येतो, अशाच जागी ओदी सापडते, कारण वाघ तिथूनच बाहेर पडणार हे शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कोटा शैलीतली 18व्या आणि 19व्या शतकातली शिकारीची चित्रे या बाबतीत फार मोलाची आहेत: दाट झाडी, डोंगराची घडी, दडून बसलेले बंदूकधारी, उघड्यावर आलेला वाघ. कोट्याच्या राजवाड्यातली चित्रे आधी पाहून मग दर्राच्या, म्हणजे आताच्या मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पाच्या टेकड्या पाहिल्या, तर चित्रकाराने भूगोल किती बारकाईने टिपला आहे ते कळते.

या व्यवस्थेत क्रूरता होती, अन्यायही होता. पण सपाटीवरचे रान नांगराखाली जात असताना एवढे मोठे पट्टे अखंड राहिले, ते या बंदीमुळेच. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्याशिवाय या मार्गाचा इतिहास कळत नाही.

भरतपूरचे केवलादेव घना हे याचे सर्वांत उघड उदाहरण. जेमतेम 29 चौरस किलोमीटरची ही पाणथळ जागा निसर्गाने एकट्याने घडवलेली नाही. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराला आवर घालण्यासाठी 18व्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध झाला. पुढे बांध, पाट आणि दरवाजे घालून सखल भागात पाणी खेळवले गेले, ते बदकांच्या शिकारीसाठी. 1902 पासून व्हाइसरॉय आणि पाहुणे राजे इथे येऊ लागले. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. हे आकडे केवलादेव मंदिराजवळच्या दगडी पाट्यांवर आजही कोरलेले आहेत. पाट्यांपाशी थांबून ते वाचावेत. ज्या बांधांवरून आपण सायकल-रिक्षाने जातो, त्यांचा मूळ उद्देश तिथे लिहिलेला आहे.

घना 1956 मध्ये पक्षी अभयारण्य झाले, तरी माजी महाराजांचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत कायम होता. 1981 मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या) आणि 1985 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले. मधल्या काळात एक चूक घडली. 1982 मध्ये उद्यानात गुरांना बंदी घातली गेली, विरोध झाला आणि गोळीबारात गावकरी मारले गेले. म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले आणि पक्ष्यांना लागणारे उघडे पाणी आक्रसले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1980 च्या दशकात इथे दीर्घ अभ्यास केला आणि म्हशींचे चरणे या पाणथळीला उपकारकच होते, असा निष्कर्ष निघाला. माणसाने घडवलेल्या पाणथळीतून माणूस आणि गुरे वजा केली की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण देशात दुसरे क्वचितच असेल.

दुसरी अडचण पाण्याची. घन्याला वर्षाला सुमारे 55 कोटी घनफूट पाणी लागते. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर नेहमीचा ओघ तुटला, आणि आता गोवर्धन नाल्याचे व चंबळ योजनेचे पाणी वळवावे लागते. म्हणून भरतपूरला जाण्याआधी त्या वर्षी पाणी किती सोडले, याची चौकशी केलीच पाहिजे. कोरड्या वर्षी रंगीत करकोच्यांची वीण फसते आणि हिवाळी बदकेही थोडीच उतरतात. सायबेरियन क्रौंच मात्र पाणी असूनही दिसणार नाही. त्याची शेवटची जोडी इथे 2001–02 च्या हिवाळ्यात दिसली होती.

भरतपूरहून धौलपूरमार्गे ग्वाल्हेरला आले की मराठी वाचकाचा या मार्गाशी घरचा संबंध सुरू होतो. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये उभारलेल्या जयविलास महालात दरबार हॉलची दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून ताकद पारखल्याची हकिगत तिथे सांगतात. शिंद्यांची उन्हाळी राजधानी शिवपुरी, ग्वाल्हेरपासून सुमारे 115 किलोमीटर. तिथे जायला संस्थानाची दोन फुटी रुळांची रेल्वे होती. शिवपुरीतल्या पांढऱ्या संगमरवरी छत्र्यांना (राजघराण्याच्या स्मारकांना) आणि माधव राष्ट्रीय उद्यानाला एकच दिवस ठेवण्याची चूक अनेक जण करतात. सख्यासागर तलाव, जॉर्ज कॅसल आणि छत्र्या यांना मिळून दीड दिवस हवा. या रानात वाघ संपले होते. 2023 मध्ये ते पुन्हा सोडण्यात आले आणि 2025 मध्ये उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघांची संख्या अजून कमी असल्यामुळे इथे वाघ दिसेलच, असे गृहीत धरू नये.

शिवपुरीहून श्योपूरमार्गे सवाई माधोपूरकडे जाताना कुनोचे जंगल लागते. 20व्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून या परिसरात सोडले होते. त्यांनी गुरे आणि माणसे मारायला सुरुवात केल्यावर तो प्रयोग गुंडाळावा लागला. शतकाअखेरीस गीरच्या सिंहांसाठी जागा करायची म्हणून कुनोतली 24 गावे हलवली गेली. सिंह काही आले नाहीत. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाचे 8 चित्ते आले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे 12. चित्त्याची ही गोष्टही संस्थानांशी जोडलेली आहे. आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी 1947 मध्ये मारलेले तीन चित्ते हे भारतातले शेवटचे मानले जातात. कोल्हापूर दरबारात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची रीत होती आणि देशातले चित्ते कमी पडू लागल्यावर ते आफ्रिकेतून मागवले जात.

श्योपूर–सवाई माधोपूर रस्त्यावर पालीघाटाला चंबळ ओलांडावी लागते. हिवाळ्यात दुपारच्या उन्हात वाळूवर घडियाल (लांब जबड्याच्या सुसरी) पडलेले असतात. इथे तासभर राखून ठेवावा.

रणथंबोरचा किल्ला हमीरदेव चौहानाचा. अलाउद्दीन खिलजीने तो 1301 मध्ये घेतला, 1569 मध्ये अकबराने. पुढे तो जयपूरकडे आला आणि सवाई माधोसिंह पहिले यांच्या नावाचे सवाई माधोपूर 18व्या शतकात वसले. भोवतालचे रान जयपूर दरबाराची खासगी शिकार. जानेवारी 1961 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या भारतभेटीत प्रिन्स फिलिप यांनी इथे वाघ मारला. त्यानंतर साधारण बारा वर्षांनी याच रानात वाघाला बंदुकीपासून वाचवण्याची योजना आली. हा बदल इतक्या झटपट कसा झाला?

स्वातंत्र्यानंतर शिकारखान्याची शिस्त संपली होती. जीप, प्रकाशझोत आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर मिळालेल्या बंदुका घेऊन कोणीही रानात शिरत होता, आणि परदेशी शिकाऱ्यांना वाघ मारून देणाऱ्या कंपन्या तेजीत होत्या. नोव्हेंबर 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची महासभा दिल्लीत भरली आणि वाघाचा प्रश्न ऐरणीवर आला. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 च्या गणनेत वाघांची संख्या 1,827 निघाली. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1 एप्रिल 1973 रोजी नऊ राखीव क्षेत्रांसह व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्या नऊंत रणथंबोर होते, तसेच आपले मेळघाटही. रणथंबोरच्या आतली 12 गावे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाहेर हलवली गेली.

राजवाड्यांचे नशीब याच काळात पालटले. संविधानाच्या कलम 291 नुसार माजी संस्थानिकांना तनखे मिळत. जयपूरचा तनखा वर्षाला 18 लाख रुपये होता. 1970 मध्ये ते बंद करण्याचे विधेयक राज्यसभेत पडले, त्यानंतर काढलेला राष्ट्रपतींचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने माधवराव शिंदे (सिंह आणवणाऱ्या माधवरावांचे नातू) यांच्या खटल्यात रद्द केला, आणि अखेर डिसेंबर 1971 मध्ये 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि किताब दोन्ही गेले. म्हणजे या घटनादुरुस्तीने आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने वर्षभराच्या आत महालाची मिळकत आणि रानाची मालकी, दोन्हींचे जुने धागे तुटले. महाल हॉटेलांकडे वळले, रान वनखात्याकडे. तीन आठवड्यांच्या या सहलीचा आराखडा त्या दोन कायद्यांनी घातला, असेच आम्ही म्हणू.

दूरदृष्टीच्या काही घराण्यांनी हे आधीच ओळखले होते. जयपूरचा रामबाग महाल 1957 मध्ये हॉटेल झाला, उदयपूरच्या पिछोला तलावातला जगनिवास 1963 मध्ये. जोधपूरचा उमेदभवन, ज्याचे काम 1929 ते 1943 असे चालले आणि ज्याने दुष्काळात हजारोंना मजुरी दिली, तो या वाटेवर नंतर आला. पण प्रवाशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते ठाकूर-जागीरदारांचे हाल. 1952 च्या राजस्थान जागीर कायद्याने त्यांच्या जमिनी गेल्या आणि बहुतेकांना तनखाही नव्हता. हातात उरली फक्त गढी. आज मार्गावर जी लहान हेरिटेज हॉटेले मिळतात, ती बहुधा अशा ठिकाण्यांच्या, म्हणजे जागिरींच्या, गढ्या आणि हवेल्या. सरकारी वर्गवारीत हेरिटेज म्हणवून घ्यायला वास्तू 1950 पूर्वीची असावी लागते.

या गढ्यांत एकाच दराच्या दोन खोल्या एकसारख्या कधीच नसतात, कारण एक जनान्याची असते, दुसरी दप्तराची. जिने उंच आणि अरुंद असतात, म्हणून घरात ज्येष्ठ असतील तर तळमजल्याची खोली आरक्षणातच लिहून घ्यावी. नळ नंतर भिंतीवरून फिरवलेले असल्याने गरम पाणी यायला वेळ लागतो. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा मिळतो, पण जानेवारीत खोली बर्फासारखी होते. हीटरचे विचारून ठेवावे.

रानाची मालकी वनखात्याकडे गेली म्हणून जनावरे आपोआप सुरक्षित झाली, असेही नाही. अलवर दरबाराचे सरिस्का 1978 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि 2005 पर्यंत तिथला शेवटचा वाघही चोरट्या शिकारीत संपला. कागदोपत्री गणनेत मात्र वाघ दिसत राहिले होते. 2008 मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून नवी सुरुवात झाली, आणि त्यांतला पहिला नर 2010 मध्ये विषाने मेला. रान राखायला रोजची पायी गस्त लागते. पूर्वी ती शिकारखान्याची माणसे घालत. 2008 नंतर सरिस्क्यात वाघ वाढले आहेत. मंगळवारी आणि शनिवारी आतल्या पांडुपोल हनुमानाला भाविकांची रीघ लागते, तेव्हा सफारीसाठी हे दोन वार टाळावेत. रणथंबोरला हीच स्थिती किल्ल्यातल्या त्रिनेत्र गणेशाच्या बुधवारच्या गर्दीची आणि गणेश चतुर्थीच्या जत्रेची.

काळ निवडताना पक्षी, वाघ आणि वाळवंट यांचे गणित जुळत नाही. रणथंबोरला वाघ एप्रिल ते जूनमध्ये पाणवठ्यावर सर्वांत सहज दिसतो, पण तेव्हा जोधपूर–बिकानेर भाजून काढते. डिसेंबर-जानेवारीत घन्यात पक्षी भरपूर, मात्र भरतपूर–ग्वाल्हेर पट्ट्यात सकाळी नऊ-दहापर्यंत धुके असते, गाडी हाकता येत नाही आणि सकाळची सफारीही वाया जाते. जुलै ते सप्टेंबर मध्य प्रदेशातली उद्याने आणि रणथंबोरचे मुख्य विभाग बंद. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. त्यातही भरतपूर पहिल्या आठवड्यात घ्यावे, म्हणजे परतीला निघालेले पक्षी गाठता येतात, आणि रणथंबोरला किमान चार सफारी ठेवाव्यात. तिथे सहा आसनी जिप्सी आणि वीस आसनी कँटर अशी वाहने असतात, विभाग आरक्षणातच ठरतो आणि प्रवेशद्वारावर आरक्षणात नोंदवलेलेच मूळ ओळखपत्र लागते. नावातला एखादा बदल किंवा विसरलेले ओळखपत्र एवढ्यावर जागा जाते.

गाडी ठरवताना तिला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, ते आधी विचारावे. हा मार्ग राजस्थान आणि मध्य प्रदेशाची हद्द दोनदा तरी ओलांडतो. परमिट नसेल तर दर वेळी राज्याचा कर भरण्यात तास जातो आणि त्याच दिवशी दुपारची सफारी असेल तर ती हुकते. दिवसाला 200 ते 250 किलोमीटरच्या पुढे जाऊ नये आणि सफारीच्या दिवशी गावही बदलू नये.