तुळजापूरचा घाट हा ज्वालामुखी नव्हे

सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाट लागला की गाडीतलं कुणीतरी सांगतंच, "हा पूर्वी ज्वालामुखी होता बरं का." दगड ज्वालामुखीचा आहे, त्यात वाद नाही. डोंगर मात्र ज्वालामुखी नव्हता.

विझलेल्या ज्वालामुखीतून उरलेला डोंगर कसा असतो, ते माउंट केनियावर कळतं. तिथं खरोखरच मुख होतं. त्यातून राख आणि लाव्हा बाहेर पडून भोवती उंच शंकू रचला गेला. २५-३० लाख वर्षांपूर्वी तो थंडावला आणि मुखाखालच्या नळीतला लाव्हारस आतच गोठून टणक झाला. पुढं हिमनद्यांनी वरचं आवरण खरवडून नेलं, आतला गाभा तेवढा टिकला. आजचं ५,१९९ मीटर उंचीचं शिखर म्हणजे तो गाभा. अमेरिकेतला शिपरॉकही याच जातीचा: सपाट माळावर एकटा सुळका, आणि त्याच्यापासून फुटलेल्या दगडी भिंती.

तुळजापूरचा घाट ज्या डोंगररांगेत आहे, त्या बालाघाटाची गोष्ट निराळी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा उसळला आणि दूरवर पसरला. मग थांबला, पुन्हा आला. असे थर चढत गेले, कडक भाकरीच्या चवडीसारखे. त्यातून पठार झालं, डोंगर नव्हे. डोंगर केले ते ओढ्या-नद्यांनी: मधलं कापून नेलं, उरलं ते उभं राहिलं. म्हणून माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे.

खात्री करायची तर दख्खनचा कुठलाही कापलेला कडा जवळून बघा. खाली घट्ट काळा पाषाण, वर भोकाभोकांचा दगड, त्यात पांढऱ्या गारा भरलेल्या. लाव्हा निवताना आतला वायू वर सरकला, त्याची ही भोकं. गारा त्यांत नंतर झिरपत्या पाण्यानं आणून भरल्या. दोन थरांमध्ये कधी तांबडा मातकट पट्टाही सापडतो. दोन लाव्हांमध्ये बराच काळ गेला, याची ती खूण. थर जवळपास आडवे असतात. शंकूच्या ज्वालामुखीत ते मुखापासून बाहेर उतरत जातात. एवढा एक फरक बघितला तरी पुरे.

(लोणारला यात ओढू नका. तो खड्डा उल्केचा.)

मग मुख कुठं होतं? तुळजापूरच्या माथ्यावर शोधून सापडणार नाही. धुळे-नंदुरबारकडे मात्र भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या दगडी भिंती आजही रानातून लांबवर गेलेल्या दिसतात.