ड्रम स्मोकरमध्ये रिब्ज : किट नेणाऱ्या ग्राहकांसाठी

ड्रम स्मोकर म्हणजे लोखंडी ड्रममध्ये खाली कोळसा आणि वर जाळीवर मांस ठेवून धुरावर शिजवायची चूल; रिब्ज म्हणजे डुकराच्या बरगड्या. कोळशाची टोपली, जाळी, व्हॉल्व्ह आणि थर्मामीटर आम्ही देतो. ड्रम तुमचा तुम्ही आणता. म्हणून आधी ड्रमबद्दल.

लोखंडी, 200 लिटरचा, झाकण पूर्ण निघणारा आणि रिंगने आवळला जाणारा ड्रम हवा. कोकणात तो शोधायला लांब जावं लागत नाही. कॅनिंग कारखान्यांतून आंब्याचा पल्प पिशवीत भरून अशाच ड्रममधून बाहेर जातो. तो घ्या किंवा खाद्यतेलाचा. केमिकलचा किंवा कीटकनाशकाचा ड्रम कितीही स्वस्त मिळाला, कितीही धुतलेला असला, तरी नको. जस्ताचा मुलामा असलेलाही नको. तापलेल्या जस्ताचा धूर बाधतो.

आतला रंग आणि लेप मोकळ्या जागी लाकडं पेटवून पूर्ण जाळा. धूर ज्या बाजूला वाहतो तिकडे उभे राहू नका. उघडा पत्रा दिसला की तारेच्या ब्रशने घासा, धुवा, गोडं तेल फासा आणि ड्रम दोन तास रिकामाच तापवा. पहिल्या ड्रमला आम्हीच घाई केली होती. झाकणाच्या कडेला बोटभर रंग राहिला आणि चार किलो रिब्जना थिनरसारखा वास लागला. सगळं फेकून द्यावं लागलं.

तळापासून 5 सेंमी वर पाऊण इंची चार भोकं पाडा. एकाला व्हॉल्व्ह, बाकीच्यांना बुचं. जाळी टोपलीपासून 60 सेंमी उंच ठेवा.

आता आच. टोपली न पेटवलेल्या कोळशाने भरा आणि वर मधोमध दहा-बारा फुललेले निखारे ठेवा. रॉकेल अजिबात नको, वास मांसात उतरतो. थर्मामीटर 95 अंशांवर आला की बुचं एकेक करून लावा. ड्रम 110 ते 130 च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. व्हॉल्व्ह जरासा फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. फरक लगेच दिसत नाही. एकदा 160 वर चढलेला ड्रम खाली आणताना फार वेळ जातो, म्हणून चढतानाच अडवा. वरचं धुराडं मात्र उघडंच ठेवा.

कळकळीची विनंती : झाकण उचकून बघू नका. ड्रममध्ये मांसाची चरबी थेट निखाऱ्यांवर ठिबकते, आणि त्या वाफेनेच इथल्या रिब्जना वेगळी चव येते. झाकण उघडलं की हवा भसकन आत शिरते, कोळसा फुलतो, चरबी पेट घेते.

धुरासाठी पेरू किंवा आंब्याचं वाळलेलं लाकूड, मुठीएवढे तीन-चार तुकडे. टेक्सासमध्ये मेस्कीट वापरतात. आपल्याकडची वेडी बाभूळ त्याच्याच भावकीतली. तिचा धूर उग्र, एक तुकडा पुरे. खोक्यांच्या फळ्या आणि प्लायवूड नको. पांढरा दाट धूर कडवट चव देतो. तो निवळून पातळ, निळसर झाला की मगच मांस ठेवा.

पोर्क रिब्जच्या हाडांकडच्या बाजूला एक चिवट पापुद्रा असतो. सुरीच्या टोकाने एका हाडावरून उचला, कोरड्या फडक्यात पकडा आणि ओढा; बहुतेक वेळा अखंड निघतो. मग मीठ, मिरपूड, लाल तिखट, लसूण. गूळ थोडाच लावा, थेट आचेवर तो करपतो. तीन तासांनी रंग गडद झाला की माडाच्या व्हिनेगरचा शिपका मारून फॉइलमध्ये गुंडाळा, आणखी तासभर ठेवा, शेवटी अर्धा तास उघडं.

झालं हे घड्याळावरून ठरवू नका. चिमट्याने रिब्जची पट्टी एका टोकाला धरून उचला. ती वाकली, वरचं मांस तडकू लागलं आणि हाडांची टोकं सेंमीभर उघडी पडली, की झालं. पोर्क 63 अंशांना खाण्यायोग्य होतं, पण चिवट राहतं. आतला चिवटपणा विरघळायला 90 ते 95 लागतात.

‘आत गुलाबी दिसतंय, कच्चं आहे का?’ हा फोन आम्हाला नेहमी येतो. कडेचा गुलाबी पट्टा धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी मिळून तयार होतो. वरच्या खुणा पटल्या असतील तर निर्धास्त खा.

शेवटी सगळी भोकं आणि धुराडं बंद करा. कोळसा गुदमरून विझतो, उरलेला पुढच्या वेळी चालतो. ड्रम रात्रभर बाहेरच राहू द्या. विझल्यासारखा दिसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, आणि त्याला वास नसतो. पाऊस आला तरी पडवीत ओढू नका.