कॅड प्रकल्पांतील फाइलनामे आणि तुटलेल्या लिंक

संगणकाच्या साहाय्याने केलेल्या आरेखनात, म्हणजेच कॅडमध्ये, एखाद्या यंत्राचे काम क्वचितच एका फाइलीत मावते. सुटे भाग वेगवेगळ्या फाइलींत असतात, ते जोडून झालेली असेंब्ली आणखी एका फाइलीत असते आणि कारखान्यात जाणारे मापांचे ड्रॉइंग त्याहून वेगळे असते. असेंब्लीत मूळ भाग ठेवलेला नसतो, तर त्याचे नाव आणि पत्ता तेवढा नोंदलेला असतो. या नोंदीला लिंक म्हणतात. त्या पत्त्यावर त्या नावाची फाइल सापडली नाही, की लिंक तुटली असे समजतात. त्यामुळे कॅडमधील फाइलनाम ही नुसती ओळखचिठ्ठी नसते. ते बदलणे म्हणजे त्या भागावर अवलंबून असलेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये हात घालणे होय.

पत्ता तीन प्रकारे नोंदला जातो. पूर्ण पत्त्यात ड्राइव्हच्या अक्षरापासून शेवटच्या फोल्डरपर्यंत सारे काही येते. सापेक्ष पत्ता मुख्य फाइल जिथे आहे तिथून मोजला जातो. तिसऱ्या प्रकारात केवळ नाव असते आणि शोध कुठे घ्यायचा हे प्रणाली आपल्या नियमांनुसार ठरवते. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅड या कॅड प्रणालीत बाह्य संदर्भाची, म्हणजे दुसरे ड्रॉइंग लिंकने जोडण्याची (एक्सरेफची), सोय १९९० च्या अकराव्या आवृत्तीत झाली. एक्सरेफ जोडताना सापेक्ष पत्ता आपोआप धरला जाऊ लागला तो मात्र २०१८ च्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या ड्रॉइंगांत पूर्ण पत्तेच अधिक आढळतात आणि ‘डी’ ड्राइव्हवरचे काम दुसऱ्या संगणकावर ‘ई’ ड्राइव्हवर गेले, की सर्व्हेचा नकाशा जिथे दिसायला हवा तिथे फक्त पत्त्याची एक ओळ उमटते.

सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या कामात हा प्रकार विशेष जाणवतो. गळीत हंगाम संपला की गव्हाण, केन कॅरियर, बगॅस म्हणजे उसाचा चोथा वाहून नेणारे पट्टे यांची दुरुस्ती निघते आणि दोन-तीन वर्षांपूर्वीची असेंब्ली पुन्हा उघडावी लागते. दरम्यान संगणक बदललेला असतो, जुने फोल्डर ‘जुने काम’ या नव्या फोल्डरात सरकवलेले असते आणि कोणीतरी ‘शाफ्ट’चे ‘शाफ्ट नवीन’ केलेले असते. असेंब्ली उघडताच फाइल सापडत नसल्याची सूचना येते. ती टाळून पुढे गेले तर बेअरिंगच्या दोन हाउसिंगमध्ये शाफ्टची जागा रिकामी दिसते, शाफ्टला धरून बसवलेले स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, आधाराविना राहते आणि ड्रॉइंगवरील मापांचे टोक कोणत्याच कडेला टेकत नाही.

ही तूट निदान डोळ्यांना दिसते. त्याहून घातक आहे ती न दिसणारी चूक, आणि या विषयात सर्वांत जास्त काळजी तिचीच घ्यायला हवी. सॉलिडवर्क्ससारखी प्रणाली लिंक शोधताना त्याच नावाची फाइल आधीच उघडलेली आहे का, हे प्रथम पाहते. दोन कामांत ‘ब्रॅकेट’ नावाच्या दोन वेगळ्या फाइली असतील आणि एक आधीच उघडी असेल, तर दुसऱ्या कामात तिचाच ब्रॅकेट येऊन बसू शकतो. काही प्रणाली फाइलीच्या आतील ओळखक्रमांक जुळत नसल्याचे सांगतात. पण घाईत ती सूचना मान्य केली जाते आणि चूक पत्रा कापून झाल्यावर कळते.

म्हणून नाव संपूर्ण कार्यालयात एकमेव असावे, आणि ते वर्णनापेक्षा क्रमांकाचे असावे हे अधिक श्रेयस्कर. वर्णन बदलते, आज ‘डावा ब्रॅकेट’ म्हटलेला भाग उद्या दोन्ही बाजूंना लागतो. क्रमांकाला असा प्रसंग येत नाही. भागाचे वर्णन, धातू आणि रिव्हिजन यांची नोंद फाइलीच्या गुणधर्मांत करावी. ‘फायनल’, ‘फायनल दोन’ अशी नावे तर मुळीच देऊ नयेत, कारण तसे केल्यास प्रत्येक सुधारणेला लिंक तुटते. क्रिओ ही कॅड प्रणाली फाइल जतन करताना दरवेळी नावापुढे आवृत्तीचा आकडा स्वतःच लावते, तो हाताने बदलायचा नसतो.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक एकाच कार्यालयात काम करतात, आणि रोमन लिपीतील स्पेलिंग ज्याचे त्याचे वेगळे असते. खुद्द शहराच्या नावात इंग्रजी अमदानीत ‘एस’पुढे ‘एच’ लिहिला जाई आणि तो अजूनही काही फोल्डरांत आढळतो. त्यामुळे एकाच कामाचे दोन फोल्डर तयार होतात आणि शोधताना एकच सापडतो. देवनागरी नावे विंडोजला चालतात. मात्र त्यात पूर्ण पत्त्याची रूढ मर्यादा २६० चिन्हांची असून मात्रा वेगळी मोजली जाते. ‘सोलापूर’ ही चार अक्षरे तिथे सात भरतात.

नाव बदलणे अटळच असेल तर ते फाइल एक्सप्लोररमधून सरळ बदलू नये. सॉलिडवर्क्समध्ये संदर्भांसह नाव बदलण्याची सोय आहे. क्रिओमध्ये नाव बदलताना त्या भागावर अवलंबून असलेल्या असेंब्ली आणि ड्रॉइंग उघडलेली असावी लागतात, नाहीतर त्यांच्यात जुनेच नाव राहते.

काम बाहेर पाठवताना होणारी चूक याच जातीची आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेटरला व्हॉट्सॲपवर असेंब्लीची एकच फाइल जाते आणि तिचे भाग इथल्याच संगणकावर राहतात. एकच फाइल दोनदा उतरवली तर ब्राउझर नावाला कंसात आकडा जोडतो, आणि तेवढ्या फरकाने लिंक जुळत नाही. ऑटोकॅडमधील ई-ट्रान्समिट आणि सॉलिडवर्क्समधील पॅक अँड गो ही साधने मुख्य फाइल आणि तिचे संदर्भ एकत्र बांधून देतात, आणि कोणते संदर्भ सापडले नाहीत तेही पाठवण्याआधीच दिसते.

तुटलेली लिंक जुळवताना आधी पूर्ण फोल्डरची नक्कल काढावी आणि काम त्या नकलेवर करावे. फाइल तुटलेल्या अवस्थेत जतन करू नये. जुना पत्ता आधी वाचावा, कारण काय हलले आहे हे त्यातूनच कळते. फक्त ड्राइव्हचे अक्षर बदलले असेल तर ऑटोकॅडचा रेफरन्स मॅनेजर शेकडो ड्रॉइंगांतील पत्ते ती न उघडता बदलू शकतो. फाइल नाव बदलून पडलेली असेल तर तारीख आणि आकार पाहून ती ओळखावी, आणि शक्य असल्यास तिला जुनेच नाव परत द्यावे. काम सोपवताना सोबत स्टेप या, वेगवेगळ्या कॅड प्रणालींत उघडणाऱ्या स्वरूपातील प्रत ठेवण्याची पद्धत आहे. तिच्यात सारी असेंब्ली सहसा एकाच फाइलीत मावते आणि लिंकची गरज उरत नाही. मात्र भाग कोणत्या क्रमाने घडवला याची नोंद तिच्यात नसते, त्यामुळे शाफ्टचा व्यास बदलायचा झाला तर मूळ फाइलच लागते.