विश्वाची भूमिती उपग्रहाने नव्हे, फुग्याने मोजली

विश्व भूमितीच्या अर्थाने 'सपाट' आहे, हे नासाच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाने शोधलं, असं अनेक लेखांत आणि व्याख्यानांत बिनधास्त सांगितलं जातं. तारखा बघा. डब्ल्यूमॅप उडाला जून 2001 मध्ये. फुग्यावरून केलेल्या 'बूमरँग' प्रयोगाचा निकाल छापून आला एप्रिल 2000 मध्ये!

29 डिसेंबर 1998 ला अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळाजवळून हेलियमचा अवाढव्य फुगा सुटला. खाली टांगलेली दुर्बीण, तिच्यात 0.3 केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत (उणे 273 अंश सेल्सिअस) थंड केलेले संवेदक. सूक्ष्मलहरी शोषणारी पाण्याची वाफ जवळपास सगळी खाली राहिली, कारण फुगा 35 किलोमीटरच्याही वर होता. ध्रुवाभोवती गोल फिरणाऱ्या वाऱ्यांनी त्याला दहा दिवसांत प्रदक्षिणा घालून निघाल्या ठिकाणाजवळच आणून सोडलं. नाव सार्थ झालं म्हणायचं.

मोजलं काय? पार्श्वप्रारणातले, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या आणि सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींमधले, उबदार-थंड डाग आकाशात किती मोठे दिसतात ते. अवकाश वक्र असतं तर ते भिंगातून पाहिल्यासारखे फुगलेले किंवा आक्रसलेले दिसले असते. ते भरले साधारण एक अंशाचे, सपाट विश्वात असायला हवेत तेवढेच. (सपाट म्हणजे भाकरीसारखं नव्हे, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश, इतकंच.) टेक्सासहून उडालेला 'मॅक्सिमा' फुगा आणि चिलीतली जमिनीवरची 'टोको' दुर्बीण यांचीही साक्ष तीच.

डब्ल्यूमॅपने नंतर अख्खं आकाश फार काटेकोर मोजलं, ते श्रेय त्याचंच. पण याच प्रारणाचं ध्रुवीकरणही (लहरींचं ठराविक दिशेत कंप पावणं) 2002 मध्ये पहिल्यांदा सापडलं ते दक्षिण ध्रुवावर, बर्फात रोवलेल्या 'डासी' दुर्बिणीला.